नातवाचे तोंड आणि पणजोबांचे नाव

स्मृतिकारांनी वानप्रस्थाची वेळ सांगून ठेवली आहे. केस पिकले, अंगाला सुरकुत्या पडल्या आणि मुलाला मूल झालेले पाहिले, की गृहस्थाने घराची ओढ सोडून वनाची वाट धरावी. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीच हा नियम आहे. प्रत्यक्षात काय घडते ते आपण घरोघरी पाहतो. नातवाचे तोंड पाहिले की म्हातारा वनाकडे वळत नाही, माळवदाच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीकडे वळतो. हे नाक कोणाचे, हा डोक्यावरचा दुहेरी भोवरा कोणाचा, ही चर्चा बाळंतिणीच्या खाटेजवळ सुरू होते. आणि मग आजोबांचे वडील कोण, ते या गावात कोठून आले, मूळ गाव कोणते, देवक कोणते, असा शोध लागतो. ज्या वयात कुळातून मन काढून घ्यावे असे शास्त्र म्हणते, नेमक्या त्याच वयात मन कुळात जाऊन बसते. याला मोह म्हणावे, की यात काही परमार्थ आहे?

हा प्रश्न आज घेण्याला कारण आहे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आपला धाराशिव जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुनी दप्तरे उर्दूत, काही मोडीत. कोतवाल बुक, खासरा पत्रक, शाळेचे दाखलखारीज रजिस्टर हे शब्द एकाएकी पारावर आले. उर्दू वाचणारा एखादा वृद्ध मौलवी आणि मोडी वाचणारा एखादा निवृत्त कारकून यांना कधी नव्हे तो मान मिळाला. त्या वादात मला शिरायचे नाही. ज्याचा जो हक्क असेल तो त्याला मिळावा. मी पाहिले ते वेगळेच. मुलगा नोंद सापडली की तिची नक्कल घेऊन निघून जाई. बरोबर आलेला बाप किंवा आजा मात्र तेथेच बसून राही. ‘अजून एक पान मागे बघा की’ म्हणे. मुलाला दाखला हवा होता, म्हाताऱ्याला नाव हवे होते.

हे वयाप्रमाणे का व्हावे? पायी वारीत पुढची पताका दिसते आहे तोवर आपण वाट विचारीत नाही. टाळ हातात, नाम मुखात, पाऊल आपोआप पडते. पुढची पताका वळणाआड गेली आणि दिंडीच्या तोंडाशी आपणच आहोत असे कळले, की माणूस थबकतो. आईबाप आहेत तोवर मागचे सारे त्यांच्या ठायी असते. आपल्याला ते ठाऊक असण्याची गरज वाटत नाही. ते गेले की आपण तोंडाशी येतो. मागचे येतात आणि विचारतात, आणि आपल्यापाशी द्यायला एक-दोन नावांपलीकडे काही नसते. या शोधाची हीच मोठी अडचण आहे. सांगणारे संपल्यावर विचारणारा तयार होतो. पंचविशीतल्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला पेरणी आहे, नोकरी आहे, लेकरांची फी आहे. भूक लागायची तेव्हाच लागते. फक्त तोपर्यंत चूल विझत आलेली असते.

येथे कोणी निष्ठावंत वारकरी शंका घेईल. ‘बुवा, ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडली त्याला कुळाची चौकशी कशाला? आमचे कुळ विठ्ठलाचे.’ शंका खरी आहे आणि तिच्या पाठीशी मोठा आधार आहे. ज्ञानोबारायांचे कुळ परंपरेला चांगले ठाऊक आहे. आपेगाव, पणजोबा त्र्यंबकपंत, आजोबा गोविंदपंत, वडील विठ्ठलपंत. याच लेकरांना कुळाच्या शुद्धीसाठी पैठणच्या दारात उभे राहावे लागले. आणि शके १२१२ मध्ये नेवाशाला ग्रंथ पुरा होत आला तेव्हा माउलींनी कोणती परंपरा सांगितली? आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. थोरला भाऊ त्या मालिकेत येतो तोही भाऊ म्हणून नव्हे, गुरू म्हणून. ज्यांना कुळाचा कागद मागून छळले, त्यांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटी कुळाचा कागद जोडलाच नाही.

पण याच संप्रदायाने दुसरीही गोष्ट केली आहे, आणि ती विसरून चालणार नाही. ताहराबादच्या महिपतीबाबांनी १७६२ साली भक्तविजय पुरा केला, पुढे भक्तलीलामृत लिहिले. त्यांनी संतांची घराणी मोठ्या प्रेमाने सांगितली. तुकोबांची कथा तुकोबांपासून सुरू होत नाही, आठ पिढ्या मागे विश्वंभरबुवांपासून सुरू होते. नाथांची कथा सांगताना पणजोबा भानुदास आधी येतात. कशासाठी? वतन सिद्ध करण्यासाठी नव्हे. विश्वंभरबुवा वारी करीत होते, ती वारी घरात चालत आली, हे सांगण्यासाठी. घराणे सांगितले ते मिळालेल्या ठेव्याची पोच म्हणून. आजही वारकरी वारकऱ्याला भेटला की ‘माळ कोणाची, फड कोणता’ असे विचारतो. पणजोबांचे नाव सांगता न येणारा माणूस आपल्या आजोबांच्या गळ्यात माळ कोणी घातली हे बिनचूक सांगतो. तेव्हा मागे वळून पाहणे संप्रदायाला वर्ज्य नाही. मागे पाहून काय मागायचे, यात भेद आहे. हक्क मागणारा एका नजरेने पाहतो आणि ऋण शोधणारा दुसऱ्या.

शास्त्राने तरी किती मागे जायला सांगितले आहे? श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह या तीन पिढ्यांचा नावाने उच्चार होतो. आई, आजी, पणजी येतात. आईच्या बापाकडील तीन पिढ्या येतात. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे अशी सोय आहे, तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहे. म्हणजे नावाने तीन पिढ्या, बाकीचे अनामिक. ही सोय करणाऱ्यांना माणसाची स्मृती कोठवर पुरते हे नीट ठाऊक होते.

आता थोडा हिशेब करू. प्रत्येकाला आईबाप दोन, आजेआजी चार, पणजेपणज्या आठ. असे दुप्पट करीत दहाव्या पिढीला गेलो तर तेथे १०२४ स्थाने होतात, आणि दहा पिढ्यांची बेरीज २०४६ भरते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल असल्याने काही जागी तेच माणूस दोनदा बसेल, ते सोडा. तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या वहीत, पंढरीच्या क्षेत्रोपाध्यायाच्या नामावळीत, नाशिक-त्र्यंबकच्या बाडात, भाटाच्या पोथीत किंवा कर्नाटकाच्या सीमेकडे बैल घेऊन येणाऱ्या हेळव्याच्या मुखात आपल्याला जी वंशावळ मिळते, ती त्या २०४६ पैकी दहा नावांची. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप. मोठ्या वडाची एक पारंबी धरून आपण वड पाहिला म्हणतो. त्या १०२४ जणांत कोण कोण असेल? कोणी पाटील असेल, कोणी त्याच पाटलाचा सालगडी असेल, कोणी दुष्काळात गाव सोडून आलेली विधवा असेल. ज्याला खरोखर आपले सगळे पूर्वज शोधायचे आहेत त्याने कोणाला परके म्हणावे? कुळाचा अभिमान धरायला माणूस जातो आणि नीट शोधीत गेला तर कोठल्याच कुळाचा अभिमान धरता येत नाही अशा जागी पोचतो. मला हा शोध परमार्थाच्या जवळचा वाटतो तो येथे.

पण बहुतेक जण नीट शोधीत नाहीत. आपला मूळ पुरुष कोणी सरदार निघावा, त्याला इनाम असावे, तलवार असावी, एवढीच इच्छा असते. शिंद्यांच्या पदरी असलेले आरफळचे हैबतराव पवार खरोखरचे सरदार होते. त्यांनी ते सारे टाकले, आळंदीला येऊन राहिले, माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली, आणि महाद्वारातली पायरी होऊन राहिले. कार्तिकी वारीचा आरंभ त्या पायरीच्या पूजनाने होतो. ज्यांच्या घराण्यात सरदार नाही ते सरदार शोधतात आणि जो सरदार होता तो पायरीची जागा शोधीत होता.

आपल्या जिल्ह्याच्या तेरकडे पाहा. गोरोबाकाकांची कथा आपण सारे सांगतो. माती तुडवताना बाळ पायाखाली गेले, इतके सर्वांना ठाऊक असते. पुढचा भाग वंशाचा आहे. शपथेमुळे काका संतीपासून दूर राहिले, तेव्हा वंश बुडेल या धास्तीने संतीनेच आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी त्यांचे लग्न लावून दिले. आणि दोघींना सारखे वागवा असे सासऱ्याने म्हणताच काकांनी तीच शपथ रामीलाही लागू केली. कथा ऐकताना आपण काकांच्या वैराग्याला टाळ्या देतो. मला या वयात संती दिसते. बाळ गेलेली, नवरा दुरावलेला, आणि तरी घराचा दिवा विझू नये म्हणून आपल्या हाताने सवत आणणारी. वंशाची चिंता तिने वाहिली. कथेत बाळ परत मिळते. पण वंशावळ लिहायला बसलो तर संतीचे नाव कोठे लिहू? बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशा कागदावर तिला घर नाही. आणि गोरोबा संतमेळ्यात सर्वांचे काका, नामदेवांचेही काका, ते कोणत्या रक्ताच्या नात्याने?

त्याच तेरच्या पांढरीतून दोन हजार वर्षांपूर्वीची खापरे निघाली आहेत. तगर या नावाने हे गाव दूर देशीच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. लामतुरे यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयात ती भांडी जाऊन पाहावीत. चाकावर फिरताना कुंभाराच्या बोटांनी उठवलेल्या रेघा त्यांवर स्पष्ट आहेत. काकांच्याही हजार-बाराशे वर्षे आधीचा तो कोणी कुंभार. त्याचे नाव नाही, रेघ आहे. मला त्या कपाटासमोर श्राद्धाच्या पिंडासमोर येतो तसा शांतपणा आला होता.

घराणे कसे मोजावे याचा नमुना नामदेवरायांच्या घरात आहे. दामाशेटी, गोणाई, राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा, सुना, लेक. आणि त्याच मोजणीत जनी. गंगाखेडची, आईबापांवेगळी झालेली, दळण-कांडण करणारी दासी. कायद्याने, रक्ताने, जातीने, कशानेच ती त्या घराची नव्हे. तरी नामदेवांचे घर म्हटले की जनी आलीच, आणि नामदेवांच्या पायरीशी परंपरेने ज्यांना जागा दिली त्यांत तीही आहे. आपल्या घरी चाळीस वर्षे राबलेल्या सालगड्याचे पूर्ण नाव आपल्या वहीत आहे काय, हे ज्याने त्याने पाहावे.

बायकांचे तर काय सांगावे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत लेकाइतका वाटा दिला. तेव्हापासून तलाठ्याकडच्या वंशावळीत लेकींची नावे येऊ लागली. पण पुष्कळ घरांत ती कशासाठी येतात? हक्कसोडपत्रावर अंगठा घेण्यासाठी. शंभर वर्षांत प्रथमच बहिणीचे नाव कुळाच्या कागदावर लागते आणि त्याच दिवशी ते काढून घेण्याची सोय होते. वर तिला साडी नेसवतात. मी व्यासपीठावरून हे बोललो तेव्हा काही यजमानांना रुचले नाही. रुचण्यासारखे नाहीच ते.

आणि आपल्या जिल्ह्याने एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीबरोबर आपल्या सास्तूरकडची गावे भुईसपाट झाली. दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली, पेट्या गेल्या, पोथ्या गेल्या. ज्या घरात एकही पुरुष उरला नाही त्या घराची नावे पुढे कोणी सांगितली? बाहेरगावी दिलेल्या लेकींनी. आजोबा कोण, चुलते किती, कोणत्या खोलीत कोण निजत असे, हे त्यांना ठाऊक होते. ज्यांना वंशावळीत जागा नव्हती त्यांच्या तोंडी वंशावळ शिल्लक राहिली. जुन्या बायका जात्यावर बसून जे गात, त्यात आई, भाऊ, माहेरची वाट, विठ्ठल-रखुमाई सारे गुंफलेले असे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या खेडोपाडी हिंडून गोळा केल्या. ज्यांना घराण्याचा शोध घ्यायचा आहे त्यांनी तहसीलच्या आधी आत्याच्या घरी जावे. ती नव्वदीची असेल तर आजच जावे.

आता एक अवघड गोष्ट. शोधताना चांगलेच सापडेल असे नाही. भूमकडचे एक माळकरी माझ्या परिचयाचे आहेत. पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्यांनी घरचे मोडी कागद वाचून घेतले. त्यांच्या उत्तम काळ्या जमिनीच्या एका तुकड्याला गावात दुसऱ्याच घराण्याच्या नावाने ओळखतात; ‘अमक्याची पट्टी’ असे म्हणतात. त्यांना लहानपणापासून त्याचे काही वाटले नव्हते, कारण शेतांची नावे अशीच असतात. कागदात गहाणखत निघाले. दुष्काळाच्या वर्षी चार पोती ज्वारीवर ती पट्टी गहाण पडली होती, आणि परत गेली नाही. ज्यांची ती होती त्यांची आजची पिढी त्याच गावात दुसऱ्यांच्या रानात रोजाने जाते.

हे गृहस्थ माझ्याकडे आले. मुलगा म्हणत होता, ‘आबा, जुनी मढी कशाला उकरता? सातबारा आपला आहे.’ कायद्याने मुलाचे बरोबर होते. आबांनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. दर सुगीला त्या घरी एक पोते ज्वारी पाठवायची, कारण न सांगता. मला विचारले, ‘महाराज, फिटेल का?’

नाथांच्या घरची श्राद्धाची कथा मला आठवली. पितरांसाठी केलेला स्वयंपाक नाथांनी दारावरून जाणाऱ्या भुकेल्या अंत्यजांना वाढला, ब्रह्मवृंद रुसला, आणि पितर स्वतः येऊन जेवले. आपण या कथेतून दया तेवढी घेतो. तिच्यात आणखी एक आहे. नाथांनी ते झाकून केले नाही. वाड्याच्या दारात, साऱ्या पैठणच्या देखत केले. गुपचूप धाडलेले पोते म्हणजे दान. दान देणारा वरच राहतो, घेणारा खालीच. ऋण फेडायचे तर आधी ते ऋण आहे असे तोंडाने म्हणावे लागते. मी त्यांना एवढेच म्हणालो, की पोते पाठवा, पण कागद घेऊन जा, आणि मुलाला बरोबर न्या. पट्टी परत करावी की नाही हे मी सांगितले नाही. ते त्यांचे आणि त्यांच्या पांडुरंगाचे. मात्र वहीत पणजोबांचे नाव लिहाल तेथे हे गहाणही लिहा, असे म्हणालो. नुसती नावे ठेवून व्यवहार पुसला, तर ती वही नातवाला काय सांगणार?

ते गेले. मुलगा गाडी चालवायला म्हणून आला आणि ओट्याखालीच उभा राहिला. त्या घरात एक वृद्ध बाई होती, सासूच्या सासूकडून ऐकलेले सारे तिच्यापाशी. तिला गहाणाचे नवल वाटले नाही. त्यांच्या घरात ते प्रत्येकाला ठाऊक होते. तिने यांना बसायला घोंगडे टाकले आणि त्या दुष्काळाच्या वर्षाचे सांगू लागली. ज्वारी मोजून कोणी दिली, माप कसे भरून दिले, आणि पुरुषांना न कळवता पदराखाली दोन पायल्या अधिक कोणी आणून टाकल्या. ती या गृहस्थांची पणजी. यांच्या साऱ्या कागदांत तिचे नाव कोठे नव्हते. या घरात ते शंभर वर्षे घेतले जात होते. ओट्याखालून मुलाने विचारले, ‘आजी, काय म्हणालात नाव?’ तिने पुन्हा सांगितले, आणि त्याने ते मोबाईलमध्ये लिहून घेतले.